‘मोफत’पासून ‘क्लिक’पर्यंत

“मॅडम, तो शेवटचा एस काढा. चांगली माणसंपण अडकतील,” हाताखालच्या दर्शनने सांगितलं, तेव्हा मृणालीने “अडकू देत” म्हणत एंटर दाबलं होतं.

भिवंडीजवळच्या दापोड्यात एका गोदामात आलेली मेल गाळायचं काम तिच्याकडे होतं. आधी ‘मोफत’ आणि ‘क्लिक’ एकाच ओळीत आले तरच मेल स्पॅममध्ये पडायची. नियमाच्या शेपटाला एस हे अक्षर लावल्यावर दोन शब्दांमध्ये कितीही ओळी असोत, पकड सुटेना. घरी टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवणाऱ्या, झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणाऱ्या मृणालीला असंच काहीतरी हवं होतं.

आज एका ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल सापडेना, म्हणून दर्शन स्पॅम उपसत बसला होता.

“मॅडम, हे केसरीनाथ कोण? काय लांबलचक लिहितात!”

तिचे वडील. कानांनी दगा दिल्यापासून त्यांच्यापर्यंत फोनवरचं काही पोचत नव्हतं, तेव्हा तिनेच त्यांना ऑफिसच्या पत्त्यावर मेल करायला शिकवलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांची मेलच आली नव्हती. मृणालीला वाटलं, बाबा रुसले.

‘मोफत शिबिरात माझा नंबर लागला. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन हाय. घरचं माणूस आणा म्हणतात. तुला जमलं न्हाय तर शेजारची पुतळाबाई येईल.’ मग वालाची शेंग, मांजरीची पिल्लं, कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण. सगळ्यात शेवटी: ‘छकुलीचा फोटो क्लिक करून धाड.’

सोमवार परवाच होऊन गेला होता.

पाळणाघरातून लेकीला उचलून ती तशीच एसटीत बसली. बाबांच्या गावी, गणेशपुरीला उतरते तो थांब्यावरच बाबा. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात पिशवी, नजर भिवंडीच्या बसकडे. पुतळाबाई त्यांची बाही धरून ओढत होती.

“बघ गं पोरी! डॉक्टर सांगतो पडून ऱ्हा, आनी हे निघालं गावभर!”

“बाबा, कुठे निघालात?” मृणाली त्यांच्या कानाशी ओरडली.

त्यांनी आधी नातीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“ताप न्हाय ना हिला? तुझं उत्तर न्हाय आलं. म्हटलं, पोर आजारी असंल.”

मृणालीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. तेवढ्यात दर्शनचा फोन आला.

“काढू का एस?”

“काढ रे बाबा.”

बाबांसाठी घेतलेली मृणालीची सुट्टी रविवारी संपतेय. त्यानंतर गणेशपुरीच्या बाजूला जाणार असाल तर थांब्यामागच्या गल्लीत केसरीनाथांचं घर विचारा, आणि डोळ्यात औषधाचे थेंब घातलेत का तेवढं बघून या. अगदी जवळ जाऊन विचारा हं. लांबून विचारलं तर ते कशालाही हो म्हणतात.