ढब्बूचा आकडा

आकडा स्क्रीनवर आला आणि चिमीने तो पुन्हा एकदा वाचला. अकरा. ढब्बूच्या नाकातली कॅन्सरची गाठ रेडिएशनला दाद देईल, याची आशा शंभरात अकरा. काचेपलीकडे आत्याचा कुत्रा, ढब्बू, भूल चढून, जीभ बाहेर टाकून स्कॅनच्या टेबलावर पडला होता आणि बाहेरच्या बाकावर आत्या बसली होती. तिला सांगायचं कुणी? जिने हा आकडा काढणारा प्रोग्रॅम तयार केला, तिनेच. चिमीनेच.

जनावरांच्या या दवाखान्यात चिमी स्कॅन वाचायची. घरातलं लाडाचं नाव डॉक्टर झाल्यावरही तिला चिकटून राहिलं होतं. जुने स्कॅन दाखवून दाखवून, कुठल्या गाठीवर उपचार चालतील आणि कुठल्या गाठीवर नाही, हे आधीच सांगायला तिने संगणकाला शिकवलं होतं. मोठे डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी नियमच करून टाकला. आकडा वीसच्या खाली, तर रेडिएशन नाही. मशीन एकच, कुत्रे ढीगभर. मालकाला चार समजुतीचे शब्द सांगायचे आणि कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. नियम आल्यापासून प्रोग्रॅमचे अंदाज आणखीच बरोबर येऊ लागले, तेव्हा दवाखान्यात केकसुद्धा कापला होता. चिमीने दोन तुकडे खाल्ले होते.

आत्या पोहण्याची कोच. निवृत्त झाली, तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. लहानपणी तलावाच्या काठाला घोरपडीसारख्या चिकटलेल्या चिमीला पाण्यात ओढणारी तीच.

"आत्या, आकडा चांगला नाही आला गं."

"तो राहू दे तुझ्याकडे. उपचार कधीपासून?"

"इतक्या कमी आकड्यावर आम्ही उपचार करत नाही. त्याला उगाच त्रास."

आत्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "शर्यतीआधीच निकाल लावून पोरांना घरी पाठवलं असतं ना मी, तर तलावात बेडूकच पोहले असते! पाण्यात उतरू तर दे त्याला."

"हे पोहणं नाहीये, आत्या."

"बरं, नाहीये. मग एक कर. एवढाच आकडा असताना ज्याने उपचार केले, अशा एखाद्या मालकाशी माझं बोलणं करून दे. कुत्रा खात नव्हता तेव्हा काय भरवलं, एवढंच विचारते. मग तू म्हणशील तसं."

चिमीला हायसं वाटलं. कुणीतरी दमलेला, पस्तावलेला मालक चार गोष्टी सांगेल आणि आत्या आपोआप वळेल, असा तिचा हिशेब. दुपारी ती कमी आकड्यांची यादी आणि फोन घेऊन बसली.

पहिला फोन एका शिंप्याला. "उपचार कुठले, ताई? तुम्हीच उपयोग नाही म्हणालात. त्याच आठवड्यात झोपवला की त्याला." दुसरा एका बसड्रायव्हरला. त्याचंही तेच. तिसरी एक शाळेतली बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि घाबरून विचारलं, "का हो? आमचं काही चुकलं होतं का?"

नाही, तुमचं नाही, एवढंच चिमी कसंबसं म्हणाली. मग तिने उरलेले सगळे फोन केले, आणि उपचार केलेला एकही मालक सापडला नाही. असणार कसा? नियम तिच्याच आकड्यावर उभा होता. प्रोग्रॅमने नाही म्हणायचं, आपण कुत्रा झोपवायचा आणि मग पाठ थोपटून घ्यायची, की बघा, म्हटलं नव्हतं, वाचणार नाही! 'वाचला नाही' ही नोंद तिने स्वतः केली होती, दर वेळी. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. त्या रागातच ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली, सगळं सांगितलं आणि ढब्बूसाठी मशीन मागितलं.

"मेला तो मेलाच ना?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"गाठीने नाही मेला, सर. आपण मारला."

"तुमच्या आत्याचा कुत्रा आहे, म्हणून हे सुचतंय तुम्हाला."

हे बरोबर वर्मी बसलं. "हो, म्हणूनच सुचलं. आधी सुचायला हवं होतं. पण म्हणून ते खोटं ठरत नाही."

"मशीन मिळणार नाही."

"मग आकडेही मिळणार नाहीत. आजपासून एकाही कुत्र्याचा मी काढणार नाही. आणि पुढच्या महिन्यात तुम्ही या प्रोग्रॅमवर भाषणाला उभे राहाल ना, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून हाच प्रश्न विचारीन."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

नोकरी गेली नाही. ढब्बूला मशीन मिळालं ते मात्र कुणालाच नको असलेल्या वेळचं, अगदी भल्या पहाटेचं. आत्याला त्याचं काय? जन्मभर ती त्याच वेळेला तलावावर हजर असायची.

उपचार म्हणजे काही गंमत नव्हती. ढब्बूच्या नाकाडावरचे केस गेले, कातडी सोलवटली. नाकासमोर बिस्कीट धरलं तरी त्याला वास येत नव्हता. तो अन्नाकडे पाठ फिरवून पडून राहायचा. एकदा दवाखान्याच्या जिन्यात आत्या मटकन खाली बसली.

"चुकतोय का गं आपण?"

"माहीत नाही, आत्या." चिमी तिच्याशेजारी टेकली. "पण या वेळी निदान कळेल तरी."

उपचार संपून बरेच आठवडे झाले, आणि दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी ढब्बू बाकाखालून उठला. चिमीच्या कोटाच्या खिशात उकडलेलं अंडं होतं, तिच्या डब्यातलं. पिशवीत गुंडाळलेलं. त्याने थेट तिथे नाक खुपसलं. आत्याने तोंडाला पदर लावला. गुपचूप रडायचं होतं तिला, पण जमलं नाही.

स्कॅनमध्ये गाठ होती. गेली नव्हती, पण चांगली आक्रसली होती. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पाहिली.

"एका कुत्र्याने काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले.

"नाही होत," चिमीने दार उघडलं. "म्हणून पुढचा बाहेर बसलाय. त्याचा आकडा नऊ आहे."

बाकावर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर आपलं कुत्रं घेऊन बसले होते, आणि आत्या, गळ्यात शिट्टी, त्यांना सांगत होती, "अंडं उकडायचं आणि कुस्करून द्यायचं. तोंड फिरवेल तो. तरी द्यायचं."