कॅम्पातला गुलाल

“साहेब, सरळ नाही म्हणायची हिंमत तुमच्यात नाही. म्हणून चारचौघांत कौतुक करता आणि त्याच्याखाली माणसाची रजा गाडता. खोटारडे आहात तुम्ही.”

हे दौलत महिनाभर मनातल्या मनात बोलत होता. आखातातल्या अल क्वोजच्या मजूर-कॅम्पात त्याचं हे आठवं वर्ष, साल अठ्ठ्याण्णव. इमारतीभोवती लोखंडी परांची बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि तेच त्याच्या मुळावर आलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी काम खलास झालं की साहेब सगळ्यांना पटांगणात उभं करी आणि एकाचं नाव पुकारी. “क्या काम करता है! यल्ला, ताली!” ज्याचं नाव पुकारलं तो कामाचा माणूस ठरला, आणि कामाच्या माणसाला घरी कोण सोडतं? त्याची रजा पुढच्या बिल्डिंगवर ढकलली जायची. कॅम्पातली मराठी माणसं याला ‘गुलाल’ म्हणत. जत्रेत कापायच्या आधी बकऱ्यावर टाकतात, तो. नवा गडी टाळ्यांनी फुलला की जुनी खोडं विचारीत, “काय रे, गुलाल पडला? मग यंदाची दिवाळी इथंच!”

दौलतवर गेल्या साली पडला. रजा गेली, आणि त्यातच बाप गेला. अग्नी चुलतभावानं दिला. आता वर्षश्राद्ध आलं होतं. तिथी काही साहेबाला विचारून येत नाही.

महिनाअखेरीला रजांची यादी लागायची. तोवर नाव पुकारलं जाऊ नये म्हणून दौलत ठरवून आळशी झाला. पाच मिनिटांच्या कामाला पंधरा लावू लागला. जोडीला असणारा दापोलीचा मुनीर हसायचा.

“दौलतभाऊ, तुला कामचुकारपणासुद्धा धड जमत नाही. सावकाश बांधतोस, पण बांधतोस पक्कंच!”

“गप रे. दोन गुरुवार काढायचेत फक्त.”

बुधवारी मुनीर सहाव्या मजल्याच्या फळीवर चढला. तिच्या टोकाचा क्लॅम्प कुणीतरी अर्धवट आवळून जेवायला गेला होता. दौलतनं खालच्या मजल्यावरून पाहिलं.

“मुन्या, हलू नको!”

ओरडतच तो पाइपावरून सरसर वर गेला, एका हातानं लोंबकळत पाना मारला. खाली बघतो तर साहेब उभा.

मुनीर उतरून दौलतजवळ आला. “माझ्यापायी तुझी माती झाली, भाऊ.”

“तुझी झाली असती, तिचं काय?” दौलत म्हणाला, आणि मटकन खाली बसला.

गुरुवारी व्हायचं तेच झालं. “दौलत! एक नंबर आदमी!” दिवसभर उन्हात भाजलेल्या हातांनी माणसांनी टाळ्या वाजवल्या. साहेबानं पाठ थोपटली. “ये छुट्टी गया तो मेरा क्या होगा?”

राग यायला हवा होता. पण राग धरायलाही अंगात जोर लागतो. दौलतनं खिशातला अर्ज काढला आणि साहेबासमोर धरला.

“बाप का साल भर गया, साब. इसपे लिखो.”

“बाद में देखेंगे, हबीबी.”

“पिछले साल भी बाद में बोला था. तारीफ इन सब के सामने किया ना? तो जवाब भी इनके सामने दो. जाऊं या नहीं?”