मायच्या पेटीवर कोण उभं राहील?

पंचांच्या टेबलावर चहा आला आणि सुकरीबाईच्या मातीचा विषय निघाला. आरमोरी-कुरखेडा रस्त्यावरच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत तीस वर्षं चर्च झाडणारी सुकरीबाई सकाळी गेली होती. तिला कुठं पुरायचं, एवढाच प्रश्न होता.

पण कबरस्तानाचे दोन भाग होते. वरचा, मुरमाचा भाग चार पिढ्यांच्या जुन्या ख्रिस्ती घरांचा. खालचा, धानाच्या पाणथळ बांधीला लागून असलेला, जंगलातल्या गावांतून नंतर आलेल्यांचा; सुकरीबाई त्यांतलीच. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. न लिहिलेले नियम आपण किती इमानाने पाळतो, वाचकहो!

"खाली पानी भरलं हाये," कबर खोदणारा म्हातारा पत्रू दारातूनच म्हणाला. "वीस बादल्या उपसल्या, खड्डा पुन्हा भरते."

"अजून उपस. दुपारपर्यंत होईन," सेक्रेटरी विनोदभाऊ म्हणाले.

विनोदभाऊ वाईट माणूस नव्हते. निवृत्त शिक्षक, रविवारची उपासना कधी न चुकवणारे. वरच्या भागात पत्नी माधवीच्या शेजारी त्यांनी स्वतःसाठीही जागा बांधून ठेवली होती. सिमेंटचा चौथरा, दगडावर नाव, फक्त मरणाची तारीख तेवढी बाकी.

तेवढ्यात सुकरीबाईची मुलगी रंजीता आत आली.

"विनोदभाऊ, माह्या बापाची पेटी तुमाले याद हाये का?"

विनोदभाऊंनी कप खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी, अशाच पावसाळ्यात, तिच्या बापाची, लालसूची शवपेटी खड्ड्यातल्या पाण्यावर तरंगून वर आली होती. पत्रू तिच्यावर उभा राहिला, तेव्हा कुठे माती पडली. काठावर छत्री धरून विनोदभाऊ स्वर्गाचं गीत म्हणत होते.

"आज मायच्या पेटीवर कोन उभं राहीन? तुमी?"

विनोदभाऊ समजुतीनं म्हणाले, "बेटा, शरीराचं काय, माती हाये. सुकरीबाई आता प्रभूपाशी गेली. तिथी वर-खाली नाई, सारे सारखे."

"सारे सारखे?" पत्रूनं विचारलं. "मंग भाऊ, तिथी तुमचं कसं जमन?"

एक पंच हसायला गेले आणि मध्येच थांबले.

"चाळीस वर्स झाले, मी खड्डे खोदून राह्यलो. ज्याले इथी सुकरीच्या बाजूले निजाची लाज वाटते, त्यानं तिथी तिच्या बाजूले बसाची आशा काऊन धरावी? अन् शरीर माती हाये, तं तुमची माती सिमेंटात काऊन?"

खरंच होतं ते! गरिबाला स्वर्ग दाखवला की इथली कोरडी जमीन द्यावी लागत नाही!

विनोदभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग उठले.

"पत्रू, पहार दे. माह्या जागेवर खोदू."

"भाऊ, तिथी खोदाल तं आमी मातीले येनार नाई," एक पंच ओरडले.

"नका येऊ."

भर पावसात त्या म्हाताऱ्या मास्तरानं स्वतःचा चौथरा स्वतःच्या हातानं फोडला. खाली मुरूम कोरडा होता. चार वाजता सुकरीबाईला माधवीच्या शेजारी ठेवलं. मातीला जेमतेम नऊ माणसं होती.

सकाळपासून न रडलेली रंजीता तेव्हा रडली. "भाऊ, तुमची जागा गेली."

"खाली हाये ना. पत्रू, माह्या पेटीवर तू उभा राहशीन?"

पत्रूनं मान हलवली. "नाई भाऊ. आता कोनाच्याच पेटीवर मी उभा नाई राहत. पानी उतरलं का नाली खोदू."

दोन घरांनी त्यानंतर चर्च सोडलं, ती अजून परतलेली नाहीत. नाली मात्र नाताळाआधी खोदून झाली. फावडं धरणाऱ्यांत विनोदभाऊ होते.

बंधू-भगिनींनो, स्वर्गाची आशा जरूर धरा. पण ज्यांच्यासोबत तिथं कायमचं राहायचं म्हणता, त्यांना इथं पाण्यात ठेवू नका.