पन्नाशीनंतरच्या त्वचेसाठी

ड्रॉपरच्या टोकाला थेंब लोंबत होता, पडत नव्हता, आणि कुंदाचं लक्ष थेंबाकडे नव्हतंच. ते होतं आरशाखालच्या बॉक्सवरच्या बारीक अक्षरांवर – पन्नाशीनंतरच्या त्वचेसाठी. काल जनार्दनने हा संच आणला तेव्हा तिने तो चष्म्याशिवाय पाहिला होता आणि चक्क लाजली होती. एवढ्या संसारात गजऱ्यापलीकडे न गेलेला नवरा उल्हासनगरच्या दुकानातून बायकोच्या सुरकुत्यांसाठी दोन बाटल्या आणतो, आणि वर पाठांतर म्हणून दाखवतो – व्हिटॅमिन सी सकाळी, रेटिनॉल रात्री, दोन्ही एकदम लावायचं नाही, उन्हात जाताना सनस्क्रीन विसरायचं नाही... आज चष्मा लावला आणि पन्नाशी दिसली.

कुंदा सत्तेचाळीसची होती. आधार कार्ड तेच सांगत होतं, शाळेचा दाखला तेच सांगत होता. पन्नाशीची होती ती फक्त खरोखर.

शाळेत जायच्या वयात ती माहेरी, खाडीकाठच्या बांधावर, धाकट्या भावांना कडेवर घेऊन बसायची आणि आई-आण्णा मिठागरात राबायचे. आण्णांनी तिला पहिलीत नेऊन बसवलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मास्तरांनी काही न विचारता सहा लिहिलं. तेव्हा कुणाला काय त्याचं! पण पुढे जनार्दनचं स्थळ आलं – अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी, मांजर्लीत स्वतःचं घर – आणि त्याच्या आईची एकच अट, नवरी मुलापेक्षा लहान हवी. आण्णांनी शाळेचा दाखला पुढे ठेवला आणि गप्प बसले. कागदावर ती जनार्दनपेक्षा वर्षाने लहान होती, आणि खरं पाहायला गेलं तर दोन वर्षांनी मोठी. वयाने मोठी असून ती त्याला आजवर ‘अहो’ म्हणत आली होती, याचं तिला कधीकधी एकटीला हसू यायचं. आण्णा गेले, आई गेली, मास्तर तर कधीच गेले. आता हे जाणणारी ती एकटीच उरली होती.

मग पन्नाशी आली कुठून?

तिने स्वप्नालीला, अंबरनाथला दिलेल्या लेकीला, फोन लावला आणि ताकाला जाऊन भांडं लपवत विचारलं, “पप्पांना हे क्रीमबिम आणायला तू सांगितलंस का गं?”

“पप्पांनी आणलं? सही है! मी कशाला सांगू? बघ हां मम्मी, दोन्ही मिक्स नको करू, स्किन जळेल.”

“बॉक्सवर पन्नाशी लिहिलंय.”

“मग काय झालं? पप्पा कुठे वाचत बसणारेत! तुला अजून तीन वर्षं आहेत.”

तीन वर्षं... नेमका तोच आकडा, तोही लेकीच्या तोंडून. खाई त्याला खवखवे. फोन ठेवला तेव्हा गाल चुरचुरत होते – बोलता बोलता हाताने सकाळची बाटली लावली होती आणि तिच्यावरच रात्रीचीही, आणि ते तिला कळलंही नव्हतं.

तोंड धुतलं तरी आग राहिली आणि त्या आगीत एकेक आठवू लागलं. आण्णांच्या शेवटच्या आजारात जनार्दन दुपारभर त्यांच्या उशाशी बसला होता. काय बोलत होते विचारलं तर म्हणाला, काही नाही, जुन्या गोष्टी. जुन्या म्हणजे किती जुन्या? पाळी गेली तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, जरा लवकरच गेली की. नणंद घाबरली, आणि हा शांतपणे म्हणाला, वेळ झाली असेल. सासूबाई म्हणाल्या होत्या, सून थोराड दिसते, तेव्हा हाच म्हणाला होता, उन्हात राबते ती. किती बरं वाटलं होतं तेव्हा! आता तेच वाक्य ती उलटसुलट करून पाहत होती, बाजारात नोट उजेडात धरून पाहावी तशी.

दुपारी जनार्दन कामावरून आला. दारातच थबकला.

“तोंडाला काय झाला? दोन्ही एकदम लावलास का?”

“चुकून लागलं.”

त्याने कुंडीतली कोरफड कापून आणली, सोलून गर तिच्या हातात दिला आणि खुर्चीत बसला. गर गालांवर फिरवत तिने शक्य तितक्या सहज विचारलं, “अहो, हे पन्नाशीचं कशाला आणलंत?”

“दुकानातली पोरगी बोलली, आंटी की एज क्या है? मी बोललो, पन्नास.”

“सत्तेचाळीस.”

“हां,” तो म्हणाला. “सत्तेचाळीस.”

लहान मुलाने हट्ट धरला की मोठ्याने म्हणावं तसं ते ‘हां’ होतं. का तसं नव्हतंच? पुरुषांना कुठे वयं लक्षात राहतात, लेकीचा वाढदिवसही तो विसरतो... विचारावं का सरळ? पण विचारणं म्हणजे सांगणंच झालं. ठाऊक असेल तर प्रश्नच नको होता, आणि ठाऊक नसेल तर आपल्याच हाताने सांगून मोकळं व्हायचं.

आणि ठाऊक असेल तर – केव्हापासून? प्रत्येक भांडणात माघार तिने घेतली होती. अंगणवाडीची नोकरी तो नको म्हणाला म्हणून सोडली होती, रडू गिळून; या माणसाला आपण फसवलंय, आता एवढं तरी द्यायलाच हवं, असं म्हणत ती वाकत आली होती. ती का वाकते हे याला ठाऊक होतं? आणि ठाऊक असून यानं वाकू दिलं? आजवर पकडलं जाण्याचीच तिला भीती होती. उलटं बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

“कुंदा, चहा टाक ना,” तो पेपरामागून म्हणाला.

एरवी ती हाक संपायच्या आत उठली असती. आता ती त्याच्याकडे बघत राहिली – कानामागे कलपातून राहून गेलेले पांढरे केस, चष्म्याची सैल दांडी, पेपर धरलेली जाड बोटं. हा आपल्यापेक्षा लहान आहे, तिच्या मनात आलं. त्या विचारासरशी नेहमी छातीत व्हायचं ते धस्स झालंच नाही. त्या जागी राग होता, चांगला जुना, मुरलेला राग, आणि तो आपलाच आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

“कुंदा?”

“ऐकलं,” ती म्हणाली, आणि बसून राहिली.