बोळ्याचं शेपूट

"दादा, हा पाइप धर जरा," मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं खुपसून म्हणाले.

जावयाने पाइप धरला. मिस्त्रींचा दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि जावयाला ते एरवी 'जावईबापू' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. हल्ली जावई अशा वेळी गप्पच बसायचा. पूर्वी निदान हसायचा तरी.

गाडी म्हणजे चाकांवरचं घर होतं. आत पलंग, शेगडी, कपाटं, खिडक्यांना पडदे. मालकीण निवृत्त नर्स, तिला सगळे सिस्टरच म्हणत. सपाटीवर गाडी गुणाची, पण घाट लागला की धापा टाकायची. "नाकापेक्षा मोती जड," मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी निदान केलं होतं. "इंजिन बिचारं एवढंसं आणि पाठीवर अख्खा संसार!" म्हणून सिस्टरने बाजारातून इंजिनाला गार हवा देणारा संच आणला होता. त्यात जाड पाइप, मोठा फिल्टर आणि इंजिनची धग अडवायला एक पत्रा. मूळचा फिल्टर इंजिनच्या कुशीत बसून तापलेली हवा ओढायचा, नवा पुढच्या जाळीजवळ बसून बाहेरची गार हवा घेणार होता. तेवढाच इंजिनाला दम. घाटापलीकडे सिस्टरची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. तिच्या दारात गाडी लावायची आणि शेवटपर्यंत तिच्यापाशी राहायचं, असं सिस्टरने ठरवलं होतं.

गॅरेज मिस्त्रींनीच उभं केलेलं, आता जावई चालवायचा. पण मध्यंतरी एका गाडीच्या चाकाचे नट त्यांनी नुसते हाताने फिरवून ठेवले, आवळायचे राहून गेले. नशिबाने ते फाटकातच लक्षात आलं. तेव्हापासून त्यांच्याकडे हवा भरणं आणि काचा पुसणं एवढंच उरलं होतं. हे काम मिळालं ते बायकोने जावयाकडे शब्द टाकला म्हणून. "हे नीट झालं तर गॅरेजातला एक कोपरा बाबांचा," जावई सासूला म्हणाला होता. "नाही झालं, तर घरी बसायचं तुम्हीच त्यांना सांगा, आई. माझ्याने नाही व्हायचं." मिस्त्रींना कोणी हे सांगितलं नव्हतं. पण स्वयंपाकघरातली कुजबुज ऐकू न येण्याइतके ते म्हातारे झाले नव्हते.

फिल्टरचा जुना डबा निघाला आणि टर्बोचं तोंड उघडं पडलं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा रेटणारा पंखा. त्यात साधा वॉशर पडला तरी पंख्याचं वाटोळं. मिस्त्रींनी खिशातून फडकं काढलं, बोळा करून त्या तोंडात कोंबलं आणि त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवलं. फडकं घरच्या जुन्या अभ्र्याचं होतं, पिवळ्या फुलांचं.

"हे शेपूट कशाला?" सिस्टरने विचारलं.

"उघडं तोंड दिसलं की बोळा, आणि बोळ्याचं शेपूट बाहेर. डोळ्यांना दिसतंय तोवर माणूस विसरत नाही, सिस्टर."

"आमच्याकडेही तेच. पोट शिवायच्या आधी आत कापूस राहिला नाही ना, ते बघायचं. डॉक्टर कितीही ओरडू दे."

"म्हणजे आपण एकाच धंद्यातले की!" मिस्त्रींना फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांच्याशी तब्येतीचं सोडून कामाचं बोललं होतं.

नवा पाइप जाड होता. त्याचा रबरी जोड बसेना, कारण शेपूट मध्ये येत होतं. जोड बसतो का एवढं बघण्यापुरतं मिस्त्रींनी शेपूट आत सारलं. जोड चपखल बसला. आता तो काढायचा, बोळा ओढायचा, जोड पुन्हा लावायचा आणि त्यावरची लोखंडी पट्टी आवळायची. पण स्क्रूड्रायव्हर सापडेना. जावयाने टेबल धुंडाळलं, मिस्त्री गाडीखाली वाकून बघून आले. शेवटी सिस्टरने त्यांच्याच सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"काखेत कळसा, गावाला वळसा!" मिस्त्री खळखळून हसले. जावईसुद्धा हसला. त्या हसण्यातच मिस्त्रींनी पट्टी आवळली.

मग फिल्टर, मग पत्रा, मग तारांचे जोड. प्रत्येक जोडाला त्यांनी हात लावून पाहिला. हात मुळीच थरथरत नव्हता. जावई बाजूला उभा राहून बघत होता आणि मनातल्या मनात कोपरा रिकामाही करत होता.

"मारा किल्ली!" मिस्त्री म्हणाले.

इंजिन सुरू झालं, क्षणभर छान गुरगुरलं. मग आतून एक शिट्टी चढत गेली, काहीतरी कराकरा चावल्यासारखं झालं आणि काळा धूर ओकून गाडी बंद पडली. चाकांवरच्या घरातली एक वाटी खाली पडून बराच वेळ गरगरत राहिली.

जावयाने पाइप उतरवला. पंख्याची पाती वाकली होती. त्यात अडकलेली चिंधी त्याने ओढून काढली आणि झटकन मुठीत लपवली. "संचाच्या पाइपातच काहीतरी राहिलं असणार, सिस्टर. हल्ली कंपनीवाले नीट बघत नाहीत," तो म्हणाला.

मिस्त्रींनी त्याची मूठ धरली आणि एकेक बोट सोडवलं.

"हा आमच्या उशीचा अभ्रा आहे," ते म्हणाले. "मीच कोंबला, मीच विसरलो. सिस्टर, तुमची गाडी मी मोडली."

सिस्टर रागावली असती तर बरं झालं असतं. नवा टर्बो यायला वेळ लागणार होता आणि तिच्या बहिणीपाशी तेवढा वेळ नव्हता. पण ती जवळ आली आणि वॉर्डात बोलायची सवय असलेल्या आवाजात म्हणाली, "मिस्त्री, आज वार कोणता?"

मिस्त्रींनी जावयाकडे पाहिलं. जावयाने मान खाली घातली.

"कामाचा वार," मिस्त्री म्हणाले.

कोणी हसलं नाही.

सिस्टर एक पिशवी घेऊन बसने गेली. जाताना जावयाला म्हणाली, "त्यांना एकटं सोडू नका. हे आता वाढतच जाणार. मला खोटा धीर देता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी सवयीने कामाचे कपडे चढवले. बायको दारापाशी उभी होती. रात्रभर जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडून निघेना. मग त्यांनीच तिची सुटका केली.

"गॅरेजात नाही जात. कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करून येतो."

ती आत गेली. पिवळ्या फुलांच्या अभ्र्याची एक लांब पट्टी उरली होती. तिच्यावर तिने शाईने घरचा फोन नंबर लिहिला, पट्टी घराच्या किल्लीला गाठ मारून बांधली आणि किल्ली त्यांच्या खिशात घातली.

"अहो," ती म्हणाली, "शेपूट बाहेर राहू द्या."

एरवी ते तिच्यावर उखडले असते. आज त्यांना फक्त लाज वाटली आणि तिची दयाही आली. ते पायऱ्या उतरले.

कोपऱ्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. तिथे ते थांबले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग खिशाशी हात नेऊन पट्टी चाचपली. बाहेरच होती.