टबापाशी

शनिवारी सासूबाई त्यांच्या लेकीकडे राहायला जाणार होत्या, आणि मग चिमीला आंघोळ कोण घालणार, हा प्रश्न घरात कुणीच ओठांवर आणत नव्हतं. चिमी वर्षाची होत आली होती. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस सोडले, तर तिच्या आईनं तिला पाण्यात धरलंच नव्हतं.

तेव्हा अशीच एक साधी सकाळ होती. चिमीला टबात धरलेलं असताना तिच्या आईच्या मनात आलं, आत्ता हिला पाण्याखाली दाबलं तर? विचार आला तो जाईना. "आई, जरा हिला घेता का," म्हणून तिनं बाळ सासूबाईंकडे दिलं, ते दिलं ते दिलंच. मग सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या. मग ती नवऱ्याला विचारू लागली, "मी हिला काही करणार नाही ना रे?" तो म्हणायचा, "काहीतरीच काय. नाही करणार." तेवढ्यापुरता जीव थाऱ्यावर यायचा. भाजी फोडणीला टाकेपर्यंत पुन्हा तेच.

शेवटी दोघं थेरपिस्टबाईंकडे गेले. तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं. बाई दचकल्या नाहीत, त्याचंच तिला रडू आलं.

"असे विचार पुष्कळ आयांना येतात," बाई म्हणाल्या. "येतात आणि जातात. तुम्ही धरून बसलात, कारण लेकीवर जीव आहे."

"मग गोळ्या घ्यायच्या का?"

"लागल्या तर डॉक्टर देतील. कुणाला जुनं दुःख बोलून मोकळं व्हावं लागतं, कुणाला घरच्यांसकट बसवून बोलतं करावं लागतं. तुमच्या भीतीला मात्र पाण्यापाशीच न्यायला हवं. पायरीपायरीनं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही 'नाही करणार' म्हणणं बंद करा. खाजवलं की बरं वाटतं, पण खाज वाढते."

"मग काय म्हणू?"

"'माहीत नाही' म्हणा, आणि तिच्याशेजारी बसा."

नवरा शब्दाचा पक्का. तिनं विचारलं की तो "माहीत नाही" म्हणायचा आणि उठून गॅलरीत जायचा. सासूबाई म्हणाल्या, "शाळेतही हा हेच उत्तर द्यायचा. त्यासाठी पैसे मोजावे लागतील असं वाटलं नव्हतं." ती हसली, पण आत कुठेतरी तिला वाटू लागलं, यालाही माझी भीती वाटते.

पुढच्या वेळी बाईंनी त्याला विचारलं, "बसायचं राहिलं का?"

"बसलो की तिचा चेहरा दिसतो," तो म्हणाला. "मग तोंडातून 'नाही करणार' निघून जाईल हो."

पायऱ्या सुरू झाल्या. आधी नुसतं न्हाणीघराच्या दारात उभं राहायचं. मग बाईंच्या खोलीत प्लास्टिकच्या बाहुलीला टबात धरायचं आणि तो विचार मोठ्यानं बोलायचा. मग सासूबाईंनी चिमीला धरायचं आणि हिनं पाणी घालायचं. शेवटची पायरी, घरात कुणी नसताना एकटीनं आंघोळ घालायची, शुक्रवारवर आली. ऑफिसला निघताना नवरा दारात रेंगाळला.

"मी जिन्यात उभी राहते," सासूबाई म्हणाल्या.

"जिन्यातही नको, आई. तुम्ही जवळ आहात म्हटलं की वाटतं, तुम्ही वाचवाल."

"कुणाला गं?"

"हिला. माझ्यापासून."

सासूबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि खाली गेल्या.

तिनं कोपर बुडवून पाणी पाहिलं. चिमीला टबात बसवलं. विचार ठरल्यासारखा आलाच. "माहीत नाही," ती मोठ्यानं म्हणाली आणि डोक्यावर पाणी घातलं. विचार हटला नाही. तिनं तो तसाच राहू दिला आणि पुन्हा पाणी घेतलं. हळूहळू तो मागे पडला.

चिमी मात्र किंचाळत होती. दाराकडे बघून हात पसरत होती. तिला कसं गप्प करायचं ते हिला ठाऊक नव्हतं. सासूबाई काहीतरी गुणगुणायच्या. काय, ते हिनं कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. भीती उतरली, तरी रडणं थांबेना.

सासूबाई वर आल्या तेव्हा चिमीनं टॉवेलातूनच त्यांच्याकडे झेप घेतली. त्यांचे हात सवयीनं पुढे झाले. मग त्यांनी ते मागे घेऊन पाठीशी बांधले.

"तिला आधी पाठीवर पाणी लागतं," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "डोक्यावर शेवटी. सांगायचं राहिलं बघ."

"मीच विचारलं नव्हतं, आई."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत बॅग भरत होत्या आणि चिमी त्यांच्या पायाशी खेळत होती. ही पलंगावर बसली होती. ओला टॉवेल अजून मांडीवर होता.

"जमलं?"

तिनं मान डोलावली. मग विचारलं, "मी चिमीची होईन का रे आता?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि तिच्याशेजारी बसला.