तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

"नळ उघडला का?" मुतुप अंगणातून ओरडला.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून चोरोलनं डोकं बाहेर काढलं. "उघडला!"

"पूर्ण?"

"नाही, अर्धा तुझ्यासाठी ठेवलाय."

मुतुप हसला नाही. उन्हात खुर्ची टाकून तो बसला होता आणि मान तिरकी करून भिंतीतल्या नळाचा आवाज ऐकत होता. तळाच्या नळातून पाणी धो धो बाहेर पडत होतं, जर्दाळूच्या झाडाखालून ओघळत गल्लीकडे चाललं होतं. लेहमधली हॉटेलं या दिवसांत अशीच रिकामी होतात. आधी पाहुणे जातात, मग पाणी. नळात पाणी राहिलं की ते गोठतं आणि लोखंडही फोडतं. हिवाळाभर कुणाला पत्ता लागत नाही. वसंतात पाणी सुरू केलं की छतं गळायला लागतात, आणि मग ज्यानं नळ रिकामे केले त्याचं नाव गावभर बदनाम होतं.

मुतुपचं नाव कधी तसं झालं नव्हतं. या गल्लीतली निम्मी हॉटेलं तोच बंद करायचा. पिशवी उचलायला, पाइपचं टोक धरायला बायको, चोरोल, सोबत असायची. गेल्या हिवाळ्यात अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, काठी टेकत चालता येऊ लागलं. हात मात्र आला नाही. यंदा नळ पिळायचे पाने चोरोलच्या हातात होते, आणि बऱ्याच मालकांनी तोंडावर काही न बोलता दुसरा माणूस बघितला होता. या हॉटेलच्या मालकीण देचेनबाईंनी तेवढं "या" म्हटलं. इथे काही फुटलं असतं, तर पुढल्या वर्षी कुणीच बोलावलं नसतं.

"फुसफुसतंय का वरती?" मुतुपनं विचारलं.

वरचे नळ उघडले की पाणी खाली उतरतं आणि नळ हवा ओढायला लागतो. एकेका न्हाणीघरात चोरोल नळाच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होती. सगळे नळ दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखे फुसफुसत होते. कोपऱ्यातल्या नव्या न्हाणीघरातला तेवढा गप्प होता.

तिनं सोबत आणलेल्या पंपानं त्या नळात हवा मारली. आतून गुळण्या केल्यासारखा आवाज आला, शॉवरनं दोन थेंब थुंकले, आणि पुन्हा गप्प. दुसऱ्यांदा मारली. तेच.

ती भिंतीपाशी उकिडवी बसली, निळ्या फरशीवरून हात फिरवत राहिली.

"काय झालं?" देचेनबाई दारात आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांनी हे हॉटेल उभं केलं होतं. उद्या त्या मुलीकडे जम्मूला जाणार होत्या.

"आचे-ले, ताई, इथे पाइप खाली जाऊन परत वर आलाय. त्या खळग्यात पाणी अडकलंय. नवीन मिस्त्रीनं खाली सोडायची तोटी ठेवली नाही."

"मग?"

"फरशी फोडावी लागेल."

"ही?" देचेनबाईंनी छातीवर हात ठेवला. "अगं, आत्ता उन्हाळ्यात लावलीय! हा निळा रंग मिळायला मी किती दुकानं पालथी घातली! हवेनं नाही जायचं?"

"दोनदा बघितलं."

देचेनबाईंनी खिडकी गाठली. "मुतुप! तू सांग. फोडायची का?"

चोरोलनं हातातली छिन्नी खाली ठेवली. तिला राग आला नाही. तिलाही त्याचंच उत्तर ऐकायचं होतं.

मुतुप वर बघत राहिला. "काय आवाज येतोय गं?"

"गुळण्या केल्यासारखा. मग गप्प."

हा आवाज त्यानं आयुष्यभर स्वतःच्या कानांनी ऐकला होता. दुसऱ्याच्या कानांवर विसंबून त्यानं कधीच फरशी फोडली नव्हती. आज जिना चढून जायचं म्हटलं तर दुपार झाली असती. त्यानं डाव्या हातानं टोपी मागे सारली.

"आचे-ले," तो म्हणाला, "मी खाली बसलोय, वर ती आहे. ती पाणी आहे म्हणते, तर पाणी आहे."

देचेनबाई मागे सरून म्हणाल्या, "फोड बाई. पण एकच फोड."

एकीनं भागलं नाही, दोन गेल्या. आतला सांधा दिसला. चोरोलनं तो सैल केला, फिरवला, अजून फिरवला.

एकही थेंब आला नाही.

देचेनबाईंनी फुटलेल्या तुकड्यांकडे पाहिलं आणि शाल आवळून घेतली. चोरोलनं पाइपवर तळवा टेकवला आणि लगेच मागे घेतला. भिंत सावलीतली होती. पाइप चटका बसावा इतका गार होता.

"आचे-ले, गरम पाणी आहे?"

"चहासाठीच्या पाण्याचा थर्मास आहे."

"द्या. चहा नंतर पिऊ."

देचेनबाईंनी स्वतःच चिंधी भिजवली आणि पाइपभोवती गुंडाळून धरली. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. आत काहीतरी टिचलं. मग सांध्यातून बर्फाचा बारीक कीस बाहेर पडला, आणि पाठोपाठ पाण्याचा लोट देचेनबाईंच्या मांडीवर आला.

"आमा-ले!" त्या किंचाळल्या, आणि भिजल्या अंगानं हसतच सुटल्या. "इतकं? हे इतकं होतं आत?"

वरचा नळ फुसफुसला. चोरोलनं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून तो आवाज पुरता ऐकला.

मग जिन्यावर काठी वाजायला लागली. एक पायरी, थांबा, आणखी एक. चोरोल दाराशी धावली. "अरे कशाला चढलास? डॉक्टरांनी—"

"खालचं ऊन गेलं," मुतुप धापा टाकत म्हणाला.

खालचं ऊन गेलं नव्हतं. तिनं वाद घातला नाही. देचेनबाई कोरडे कपडे घालायला गेल्या. मुतुप भिंतीला धरून खाली बसला. भगदाडात वाकून त्यानं ओला सांधा पाहिला, बोटानं चाचपला.

"इथे सोडतोटी बसव," तो म्हणाला. "कायमची."

"तेच करतेय. पण एकटीच्यानं होत नाही. इकडून फिरवलं की तिकडचा पाइप पिळला जातो."

पिशवीतला मोठा पाना काढून तिनं पाइपवर अडकवला. मुतुपनं त्याची दांडी डाव्या मुठीत धरली, खांद्याचा रेटा दिला. उजवा हात मांडीवर होता, तिथेच राहिला.

"धरलंस?"

"धरलं."

चोरोलनं आपला पाना लावला आणि फिरवायला सुरुवात केली. किती घट्ट करायचं, ते त्यानं सांगितलं नाही.